नळ्यांकडे आधी पाहा: इस्रोच्या नव्या प्रक्षेपकाच्या आराखडाकारांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था, बंगळुरू,
तसेच विक्रम साराभाई अंतराळ केंद्र, तिरुवनंतपुरम येथे पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाच्या आराखड्यावर काम करणारे सर्व अभियंते यांस,

सादर नमस्कार.

मी सांगलीचा एक निवृत्त फॅब्रिकेशन इंजिनिअर आहे. अग्निबाण मी कधी बांधला नाही. माझी नोकरीची सारी वर्षे साखर कारखान्यांच्या आणि डिस्टिलऱ्यांच्या पाइपलाइनी, प्रेशर व्हेसल आणि त्यांचे सपोर्ट यांत गेली. आपल्यासारख्या तज्ज्ञांना आराखडा शिकवण्याची माझी पात्रता नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी ज्या प्रक्षेपकाला ८,२४० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तो पुन्हा वापरता येणाऱ्या पहिल्या टप्प्याचा आणि पृथ्वीनजीकच्या कक्षेत ३० टनांपर्यंत भार नेणारा आपला पहिलाच प्रक्षेपक असणार आहे. आणि त्याच जातीच्या, पण आकाराने कितीतरी मोठ्या अशा एका अग्निबाणाची आवृत्ती बदलताना काय काय घडले, याची नोंद नुकतीच जगासमोर आली आहे. ती नोंद अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील बोका चिका येथील, स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या स्टारशिपची आहे.

स्टारशिप म्हटले की आपल्याकडे १३ ऑक्टोबर २०२४ चे पाचवे उड्डाण आठवते. त्या दिवशी परत येणारा बूस्टर, म्हणजे अग्निबाणाचा खालचा टप्पा, मनोऱ्याच्या दोन पोलादी हातांनी हवेतच धरला आणि ती चित्रफीत मराठी घराघरांत मोबाइलवर फिरली. ते दृश्य थक्क करणारे होते, यात शंका नाही. परंतु नव्या प्रक्षेपकाच्या आराखड्याला सर्वाधिक उपयोगी पडेल असा भाग माझ्या मते त्यात नाही. तो आहे जानेवारी ते ऑक्टोबर २०२५ या काळात उडालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाच उड्डाणांत आणि चाचणीच्या ओट्यावरच गमावलेल्या सहाव्या यानात. माझे म्हणणे त्यांच्यापुरतेच आहे.

दुसरी आवृत्ती कशासाठी काढली, हे आधी पाहू. ६ जून २०२४ च्या चौथ्या उड्डाणात वरचा टप्पा वातावरणात परत येत असताना त्याच्या पुढच्या पंखाच्या बिजागरीत तप्त वायू घुसला, आणि पंख वितळत, फाटत असल्याचे सर्वांनी कॅमेऱ्यातून थेट पाहिले. तरीही तो पंख हलत राहिला आणि यान हिंदी महासागरात ठरल्याप्रमाणे उतरले. तोफेच्या गाड्याचे चाक निखळावे आणि तरीही तोफ किल्ल्यावर पोहोचावी, तसा तो प्रकार होता. दोष मात्र उघड होता. उष्णतारोधक टाइल्सचे पोट जिथे संपते आणि पंखाची बिजागरी जिथे सुरू होते, ती फट थेट तप्त प्रवाहाच्या तोंडाशी होती. त्यावरचा उपाय सरळ आणि माझ्या मते उत्तम होता. पुढचे पंख आकाराने लहान केले, ते नाकाच्या टोकाकडे आणि तापणाऱ्या बाजूपासून मागे सरकवले, म्हणजे बिजागरी प्रवाहाच्या आडोशाला गेली. टाइल्स नव्या पिढीच्या घेतल्या आणि त्यांच्याखाली संरक्षणाचा आणखी एक थर दिला.

एवढ्यावर थांबले असते तर ते ‘दुरुस्ती केलेले पहिले यान’ झाले असते. पण आवृत्ती बदलायचीच आहे, तर इतर कामेही उरकून घ्यावीत, असा विचार कुठल्याही कारखान्यात होतो. सीझन संपल्यावर शटडाउन घेतला की प्रत्येक खात्याची यादी बाहेर पडते, तसाच. दुसऱ्या आवृत्तीच्या वरच्या टप्प्यात टाक्यांची क्षमता २५ टक्क्यांनी वाढवली. इंजिनांकडे जाणाऱ्या नळ्यांना निर्वात आवरण दिले. अंतराळाच्या निर्वातात चालणाऱ्या तीन रॅप्टर इंजिनांना मिथेन पुरवणाऱ्या नळ्यांची मांडणी नवी केली. व्हॉल्व्ह चालवणारी आणि सेन्सर वाचणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली, शिवाय उड्डाणाचे संगणकही नवे घेतले. यातला प्रत्येक बदल सुटा पाहिला तर समर्थनीय आहे. उदाहरणार्थ, या यानात मिथेनची टाकी वर आणि द्रव ऑक्सिजनची खाली असल्यामुळे मिथेनची नळी ऑक्सिजनच्या टाकीतून खाली येते. मिथेन उणे १८२ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो आणि द्रव ऑक्सिजन साधारण त्याच तापमानाला उकळतो; अधिक थंड करून भरलेला ऑक्सिजन तर त्याहूनही खाली असतो. अशा नळीला दुहेरी भिंत देऊन मधली जागा निर्वात ठेवावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

१६ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे १७ तारखेच्या पहाटे, या आवृत्तीचे पहिले यान सातव्या उड्डाणात गेले. बूस्टर मनोऱ्याने अलगद धरला. वरच्या टप्प्यात मात्र, द्रव ऑक्सिजनच्या टाकीचा तळ आणि मागचे उष्णतारोधक आवरण यांच्यामधल्या पोकळीत, जिला तिथले अभियंते पोटमाळा म्हणतात, तिथे इंधन गळू लागले. ती गळती बाहेर सोडण्याच्या झडपांच्या आवाक्यापलीकडे गेली, आग लागली, इंजिने एकामागून एक बंद झाली आणि सुमारे साडेआठ मिनिटांनी संपर्क तुटला. पुढे कंपनीने जे कारण दिले, ते मी तीनदा वाचले. उड्डाणात यानाच्या कंपनांचा प्रतिसाद जमिनीवरच्या चाचणीत दिसला होता त्याच्या कित्येक पट तीव्र निघाला, त्याने प्रणोदन यंत्रणेतल्या भागांवर ताण वाढला आणि त्या ताणाने गळती सुरू झाली. थोडक्यात, अनुनाद: दोन वारंवारता जुळल्या की थरथर वाढत जाते, तो प्रकार.

हे वाचताना मला एका साखर कारखान्यातली रात्र आठवली. कारखान्याची गाळप क्षमता वाढवली होती, नवा बॉयलर थोडा दूर बसवला होता आणि त्यामुळे फीड वॉटरची लाइन लांबली होती. हायड्रो टेस्ट झाली, एक थेंब गळला नाही. ट्रायल कमी भारावर घेतली, तेव्हाही सगळे शांत. मग हंगाम सुरू झाला, मोळी पडली, पंप पूर्ण भारावर गेला, आणि तिसऱ्या रात्री त्या लाइनीचा एक पल्ला, म्हणजे दोन आधारांमधला तुकडा, हाताला झिणझिण्या येतील इतका थरथरू लागला. सकाळपर्यंत दीड इंची ड्रेनच्या फांदीला, वेल्डच्या अगदी मुळाशी, केसाएवढी चीर पडली होती. चूक माझी होती. नव्या जिन्याला जागा करून देण्यासाठी मधला एक सपोर्ट हलवला, तेव्हा नकाशावर सही मी केली होती. पल्ला लांबला, त्याची स्वतःची वारंवारता खाली आली आणि पंपाच्या फेऱ्यांशी नेमकी जुळली. उपाय फुटकळ होता: चॅनेलचा एक तुकडा आणि दोन यू-बोल्ट. पण कारखाना अकरा तास बंद राहिला, आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना चेअरमनसाहेबांपुढे उभे राहणे म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही.

ही फुशारकी नाही, तुलनाही नाही. साखर कारखान्याची लाइन जागची हलत नाही. अग्निबाणाची हलते, आणि तीच खरी अडचण आहे. नळीची स्वाभाविक वारंवारता तिची लांबी, जाडी, आधारांमधले अंतर आणि आतल्या द्रवाचे वजन यांवर ठरते. टाकी मोठी केली की नळी लांबते. निर्वात आवरण दिले की तिचे वजन आणि ताठरपणा दोन्ही बदलतात. त्यात उड्डाणात दर सेकंदाला टनावारी इंधन जळते, म्हणजे ज्या सांगाड्याला ही नळी बांधलेली आहे, त्याचीच वारंवारता क्षणोक्षणी सरकत असते. ओट्यावर यान पकडून ठेवून इंजिने पेटवली, तर सांगाडा जमिनीला बांधलेला असतो. उड्डाणात तो मोकळा असतो. कोणत्या सेकंदाला कोणत्या दोन वारंवारता एकमेकींना भेटतील, हे गणिताने सांगता येते. पण गणितात भरलेला प्रत्येक आधार प्रत्यक्षात तितकाच ताठ आहे, हे कोणी तरी हाताने तपासलेले असावे लागते.

सातव्या उड्डाणानंतर स्पेसएक्सच्या लोकांनी केलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. पुढच्या यानाची इंजिने त्यांनी ओट्यावर सुमारे ६० सेकंद चालवली, त्यात जोर निरनिराळ्या पातळ्यांवर नेला आणि निर्वातात चालणाऱ्या इंजिनांच्या नळ्यांच्या वेगवेगळ्या जोडण्या एकाच चाचणीत तपासल्या. पोटमाळ्यात जास्त झडपा दिल्या, आग विझवण्यासाठी नायट्रोजन सोडण्याची सोय केली. आणि इतके करूनही ६ मार्च २०२५ चे आठवे उड्डाण साधारण त्याच टप्प्यावर, दुरून पाहणाऱ्याला अगदी तसेच वाटेल अशा रीतीने, गमावले गेले.

लोकांनी लगेच म्हटले की तीच चूक पुन्हा झाली. ते खरे नव्हते. या वेळी मध्यभागच्या एका रॅप्टर इंजिनात बिघाड होऊन मिथेन आणि ऑक्सिजन नको तिथे मिसळले आणि पेटले, असा निष्कर्ष निघाला. उपाय म्हणून इंजिनांच्या महत्त्वाच्या सांध्यांवरचा आवळ वाढवला, नायट्रोजनची नवी यंत्रणा बसवली आणि निचऱ्याची सोय सुधारली. ‘सांध्यांवरचा आवळ वाढवला’ हे शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात कधी येणार नाहीत. पण ज्याने फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने चढवले आहेत आणि गरम झाल्यावर ते सैल झालेले पाहिले आहेत, त्याला या तीन शब्दांचा अर्थ कळेल. दिसायला सारखे असलेले दोन बिघाड एकाच कारणाचे समजून मोकळे होण्याचा मोह किती मोठा असतो, तेही त्याला कळेल.

२७ मेच्या नवव्या उड्डाणात आधी एकदा उडालेला बूस्टर प्रथमच पुन्हा वापरला गेला, त्याच्या ३३ पैकी २९ इंजिने जुनी होती. वरचा टप्पा या वेळी हव्या त्या वेगापर्यंत पोहोचलाही. पण मुख्य मिथेन टाकीत दाब राखणाऱ्या यंत्रणेचा डिफ्यूझर, म्हणजे आत येणारा वायू पसरवणारा भाग, निकामी झाला, मिथेन नाकाच्या पोकळीत गळला आणि यान गरगरू लागले. १८ जूनला तर पुढचे यान उडण्याआधी चाचणीच्या जागेवरच फुटले. कारण नाकातला, नायट्रोजन भरलेला, संमिश्र धाग्यांच्या आवरणाचा एक सिलिंडर. शेवटी २६ ऑगस्टचे दहावे आणि १३ ऑक्टोबरचे अकरावे उड्डाण मात्र नीट पार पडले. त्यांत उपग्रहांच्या प्रतिकृती अंतराळात सोडल्या गेल्या आणि यान हिंदी महासागरात उतरले.

आता या सगळ्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्या दोषासाठी आवृत्ती बदलली, तो दोष होता पंखांचा. नवे पंख प्रत्यक्ष कसोटीला लागायला दहावे उड्डाण उजाडावे लागले, आणि लागले तेव्हा त्यांनी काम केले. मधली चार याने ज्याने गेली, त्यातले काहीही पंखाशी संबंधित नव्हते: नळी, सांधा, डिफ्यूझर, सिलिंडर. ज्या गोष्टींचे चित्र कोणी भिंतीवर लावत नाही, त्याच गोष्टी. माझ्या या पत्राचे सारे प्रयोजन या एका निरीक्षणात आहे. नव्या आवृत्तीत सर्वाधिक डोळे ज्या बदलावर खिळलेले असतात, त्याच्यासोबत आलेल्या बिनचेहऱ्याच्या बदलांना तितक्याच संख्येने डोळे मिळाले पाहिजेत.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. बदल करूच नयेत, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर आपला पीएसएलव्ही प्रक्षेपक २० सप्टेंबर १९९३ च्या पहिल्या अयशस्वी उड्डाणाच्या रूपातच अडकून पडला असता. आपल्या संस्थेने तो प्रक्षेपक किती शहाणपणाने वाढवला, हे मला बाहेरूनही दिसते. त्याच्या बाजूचे लहान बूस्टर लांब करून जी जास्त ताकदीची आवृत्ती केली, ती २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ घेऊन प्रथमच उडाली. मधला गाभा तोच होता. विकास इंजिनाची अधिक जोराची आवृत्तीही जुन्या चौकटीतच बसवली. एका वेळी एक बदल, बाकीचे तसेच. या पद्धतीला संथ म्हणून हिणवले गेले, पण बिघाड झाला तर बोट कुठे ठेवायचे, हे त्यात ठाऊक असते.

स्टारशिपच्या लोकांनीही हे काही प्रमाणात पाळले, असे मान्य करायला हवे. दुसरी आवृत्ती वरच्या टप्प्याची होती. बूस्टर त्यांनी जवळपास जुनाच ठेवला, आणि म्हणून सातव्या-आठव्या उड्डाणांत वरचे यान गमावूनही बूस्टर दोन्ही वेळा परत आला. त्याच कंपनीच्या फाल्कन ९ च्या शेवटच्या आवृत्तीचा इतिहास तर आणखी बोलका आहे. ‘ब्लॉक ५’ नावाची ती आवृत्ती ११ मे २०१८ रोजी प्रथम उडाली. तिच्यात इंजिनांची चौकट वेल्डऐवजी बोल्टने जोडलेली होती, दिशा सांभाळणारी जाळीदार पाती टायटॅनियमची होती आणि हेलियमचे सिलिंडर नव्याने घडवले होते, कारण १ सप्टेंबर २०१६ रोजी अशाच सिलिंडरपायी एक अग्निबाण तळावरच जळाला होता. माणसे बसवण्याआधी नासाने अट घातली की आराखडा गोठवा आणि त्याच रूपात सात उड्डाणे करून दाखवा. गोठवणे म्हणजे स्क्रूसुद्धा न बदलणे. मला ही अट एखाद्या कडक हेडमास्तरांसारखी वाटते, आणि हेडमास्तरांचे बरोबर होते.

स्टारशिपच्या तिसऱ्या आवृत्तीच्या आराखड्यातल्या काही कल्पना मात्र मला मनापासून आवडल्या, कारण त्या सांधे कमी करतात. नवे रॅप्टर ३ इंजिन पाहा. रॅप्टर २ चा जोर २३० टनांचा होता, याचा २८० टनांचा. रॅप्टर २ आणि त्याला लागणारे यानावरचे सामान मिळून २,८७५ किलो भरायचे, रॅप्टर ३ चे तेच १,७२० किलो. बूस्टरवर ३३ इंजिने असतात, म्हणजे एकट्या बूस्टरवर ३८ टनांची बचत. ही बचत धातू पातळ करून झालेली नाही. पूर्वी बाहेरून वेटोळे घालणाऱ्या अनेक नळ्या इंजिनाच्या अंगातच ओतल्या गेल्या, थंड करण्याचे मार्ग भिंतीत गेले आणि प्रत्येक इंजिनाभोवतीचे स्वतंत्र उष्णतारोधक कवच अनावश्यक झाले. कवच गेले की त्याच्या आत साचणारा वायूही गेला. बूस्टर आणि यान वेगळे होतानाच वरची इंजिने पेटवण्यासाठी मध्ये बसवलेले झरोक्यांचे कडे पूर्वी टाकून द्यावे लागे, ते आता बूस्टरचाच भाग झाले. जाळीदार पाती चारऐवजी तीन, पण प्रत्येक ५० टक्के मोठी आणि अधिक खाली बसवलेली.

याची दुसरी बाजूही लिहितो. जो सांधा नाही, तो गळत नाही. पण तो उघडताही येत नाही. अंगात ओतलेल्या नळीत कचरा अडकला, तर ती कापावी लागेल. पुन्हा वापरायच्या प्रक्षेपकात दोन उड्डाणांच्या मधली तपासणी हाच खरा खर्च असतो, त्यामुळे कोणता भाग ओतून एकजीव करायचा आणि कोणता बोल्टवर ठेवायचा, हा प्रश्न वजनापेक्षा देखभालीचा आहे. फाल्कनवर वेल्ड सोडून बोल्ट आले, रॅप्टरवर बोल्ट सोडून वेल्ड आले. एकाच कंपनीचे दोन विरुद्ध निर्णय, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आता आपल्याकडे येतो. मंजुरीच्या कागदात तीन विकास उड्डाणे आणि आठ वर्षांचा अवधी आहे. स्टारशिपच्या लोकांनी एका आवृत्तीत जितकी याने गमावली, तितकी आपली एकूण विकास उड्डाणेही नाहीत. म्हणजे उडवून शिकण्याची ती रीत आपल्याला परवडणार नाही, आणि जे शिकायचे ते जमिनीवरच शिकावे लागेल. म्हणून माझी पहिली विनंती तमिळनाडूतील महेंद्रगिरीच्या चाचणी ओट्यांविषयी आहे. पुन्हा वापरायच्या टप्प्याची चाचणी सर्व इंजिने एकत्र लावून, टाक्या पूर्ण भरलेल्या, अर्ध्या आणि जवळपास रित्या अशा निरनिराळ्या पातळ्यांवर घ्यावी. जोर वर-खाली करून घ्यावी. आणि मिथेनच्या प्रत्येक लांब नळीवर कंपनमापक बसवून घ्यावी. नळीचे आधार मुद्दाम थोडे सैल करूनही एकदा पाहावे. कारखान्यातला सपोर्ट नकाशावरच्या सपोर्टइतका ताठ कधीच नसतो, हे मी सहीनिशी सांगू शकतो.

याच संदर्भात एक योगायोग नोंदवतो. १६ जानेवारी २०२५ या एकाच तारखेला टेक्सासमध्ये ते सातवे उड्डाण झाले आणि दिल्लीत मंत्रिमंडळाने श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या प्रक्षेपण तळाला ३,९८४.८६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्या मंजुरीत एक वाक्य आहे, ते ज्याने घातले त्याचे कौतुक करावेसे वाटते: हा तळ नव्या प्रक्षेपकाच्या पुढे वाढवलेल्या रूपांनाही सामावून घेईल असा असावा. स्टारशिपचा पहिला तळ अकराव्या उड्डाणानंतर तिसऱ्या आवृत्तीसाठी उघडून नव्याने बांधायला घ्यावा लागला, आणि त्याच्याही आधी, २० एप्रिल २०२३ च्या पहिल्या उड्डाणात, खाली ज्वाळा वळवणारा खंदक नसल्यामुळे तळाचे काँक्रीटच उखडून दूरवर फेकले गेले होते. तळ हा आराखड्याचाच भाग आहे, हे त्यांना दोनदा पैसे मोजून कळले. तेव्हा तिसऱ्या तळावर पाया, खंदक, इंधनाच्या नळ्यांची उंची आणि मनोऱ्याचे हात ठरवताना आपल्या प्रक्षेपकाच्या दुसऱ्या आवृत्तीची लांबी आजच गृहीत धरावी.

महाराष्ट्रातून लिहितो आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. आपल्या प्रक्षेपकांची घन इंधनाची कवचे वालचंदनगरला घडली आहेत आणि विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. अशा कारखान्यांत आराखड्यातला एक मिलिमीटर बदलला तरी जिग बदलते, वेल्डिंगची प्रक्रिया पुन्हा पात्र ठरवावी लागते, वेल्डरची परीक्षा पुन्हा होते. आवृत्ती कधी बदलणार आणि तिच्यात कोणती मापे कधीच बदलणार नाहीत, हे कळवले गेले, तर हे लोक आधीच तयारीत राहतील. न बदलणाऱ्या मापांची ती यादी माझ्या मते बदलांच्या यादीइतकीच महत्त्वाची आहे. स्टारशिपचा व्यास पहिल्यापासून ९ मीटर आहे. लांबी, पंख, इंजिने सगळे हलले, पण ते एक माप हलले नाही. म्हणून सांगाड्याची पोलादी कडी वळवणाऱ्या यंत्रांना प्रत्येक आवृत्तीत पुन्हा जन्म घ्यावा लागला नाही.

अवशेषांविषयी थोडक्यात लिहितो. सातव्या उड्डाणाचे तुकडे टर्क्स आणि कैकोस बेटांवर पडले आणि प्रवासी विमानांना वाटा बदलाव्या लागल्या. नवव्या उड्डाणाच्या वेळी अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने विमानांसाठीचा धोक्याचा पट्टा ८८५ सागरी मैलांवरून सुमारे १,६०० सागरी मैलांपर्यंत वाढवला. आपला मार्ग बंगालच्या उपसागरावरून जातो, तिथे होड्या आहेत, पलीकडे अंदमान-निकोबार आहे, आणि पुढे दुसऱ्या देशांचे आकाश आहे. नव्या आवृत्तीचे पहिले उड्डाण हे जुन्या आवृत्तीच्या दहाव्या उड्डाणासारखे समजू नये. नवी आवृत्ती म्हणजे सुरक्षेच्या हिशेबात नवाच अग्निबाण, असा नियम आपण आधीच करून ठेवावा.

शेवटची विनंती अहवालांची आहे. १२ ऑगस्ट २०२१ रोजी जीएसएलव्ही-एफ१० चे उड्डाण फसले, तेव्हा द्रव हायड्रोजनच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह गळल्यामुळे दाब कमी पडला, हे कारण संस्थेने लोकांसमोर मांडले होते. मी ते माझ्याकडच्या शिकाऊ मुलांना वाचून दाखवले होते, कारण एका व्हॉल्व्हच्या गळतीने काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला कुठे मिळाले असते? १८ मे २०२५ च्या पीएसएलव्ही-सी६१ बाबतीत तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधला दाब घसरला, असे सांगितले गेले. त्यामागचे कारणही तितक्याच तपशिलाने लोकांपुढे यायला हवे होते. टेक्सासमधली ती कंपनी खासगी आहे, तिला गुपिते राखण्याचा हक्क आहे, तरीही नळी, सांधा, डिफ्यूझर आणि सिलिंडर ही चारही कारणे तिने सांगितली, म्हणूनच सांगलीत बसलेल्या माझ्यासारख्याला हे पत्र लिहिता आले.

नव्या प्रक्षेपकाच्या प्रत्येक आवृत्तीसोबत एक साधी नोंद प्रसिद्ध व्हावी: मागच्या आवृत्तीत काय बिघडले होते, या आवृत्तीत काय बदलले, त्या बदलामुळे कोणता नवा धोका आला आणि तो कुठल्या चाचणीत तपासला. चार रकाने पुरेत. पहिल्या आवृत्तीसाठी पहिला रकाना रिकामा असेल, तेव्हा त्या पानाच्या तळाशी दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा कोणत्या वर्षी हाती घ्यायचा आहे, तेवढे लिहावे आणि मिथेनच्या सर्वांत लांब नळीला किती ठिकाणी आधार दिला आहे, तेही.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त फॅब्रिकेशन इंजिनिअर,
सांगली